वीसचा पट

प्रतापराव आडगावकर कुवेतच्या विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांना घ्यायला लेक, जावई आणि दहा वर्षांची नात एवढीच माणसं आली होती. हार नाही, घोषणा नाही, अर्ज घेऊन ताटकळलेला एकही माणूस नाही. सवयीनं त्यांनी मान थोडी पुढं केली, आणि कुणी हार घालत नाही हे ध्यानात आल्यावर मफलर सारखा केला. साल दोन हजार चार, महिना डिसेंबर. काहीच महिन्यांपूर्वी पक्षानं 'तरुण रक्ताला वाव' म्हणून त्यांचं तिकीट कापलं होतं. ते तरुण रक्त एकसष्ट वर्षांचं होतं आणि यांच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान होतं. घरात आणि मतदारसंघात प्रतापरावांना सगळे तात्याच म्हणत, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

"तात्या, तीन महिने इथं निवांत राहायचं," गाडीत बसल्या बसल्या चारुशीलानं बजावलं. "भाषण नाही, बैठक नाही, कुणाची बदली नाही."

"इथं कुणाची बदली करणार बाई मी?" तात्या म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं.

चारुशीलाचं घर फिंतासला, पाचव्या मजल्यावर. एका खिडकीतून समुद्र दिसे, दुसरीतून लांबवर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीची ज्योत. जावई नचिकेत तिथं इंजिनियर होता. तात्या सकाळी सातला अंघोळ उरकून, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हॉलमध्ये दाराकडं तोंड करून बसत. तीस वर्षं या वेळेला लोक भेटायला येत आले होते, देश बदलला म्हणून वेळ थोडीच बदलते! पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. इमारतीचा रखवालदार, ज्याला तिथं हारिस म्हणतात, पाण्याची टाकी धुणार असल्याचं सांगायला आला होता. तात्यांनी त्याला बसवलं, चहा पाजला, गाव कोणतं, शाळा किती लांब, मास्तर वेळेवर येतो का, सगळं विचारलं. गडी इजिप्तचा. तो अरबीत बोलला, तात्या हिंदीत बोलले, आणि दोघांचंही समाधान झालं. जाताना तात्यांनी त्याला आपलं कार्ड दिलं. त्यावर 'शिक्षण राज्यमंत्री' ठसठशीत छापलेलं होतं, आणि 'माजी' हा शब्द वाचायला भिंग लागे.

मंत्रिपद त्यांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात चौदा महिने आलं, पंच्याऐंशी सालच्या सुमाराला. पण त्या चौदा महिन्यांवर ते पुढची एकोणीस वर्षं जगले. त्या काळी कागदावर भरलेल्या आणि प्रत्यक्षात ओस पडलेल्या शाळा पुष्कळ. साहेब तपासणीला येणार म्हटलं की मास्तर शेजारच्या वाडीतून पोरं उसनी आणत, पट भरून दाखवत, आणि साहेबांची जीप वळली की पोरं पुन्हा गुरांमागं. तात्या स्वतः मास्तरांचे चिरंजीव, त्यांना यातली मेख ठाऊक. ते न कळवता शाळेत शिरत. एखाद्या पोराला उभं करून विचारत, "तुझ्या शेजारी बसलाय त्याचं नाव काय रे?" उसन्या पोराला ते सांगता येत नसे. मग शेरेबुकात, म्हणजे साहेबानं अभिप्राय लिहायच्या वहीत, तांबड्या शाईचा शेरा पडे. शेवटी तात्यांनी घावच घातला. पट वीसच्या खाली असेल ती शाळा बंद, पोरं जवळच्या शाळेत. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पटमंत्री' म्हटलं, आणि तात्यांनी ती कात्रणं लॅमिनेट करून घेतली.

या पराक्रमावर त्यांनी 'पट आणि मी' नावाची अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका स्वखर्चानं छापली होती. चारुशीलाच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला नारळाबरोबर एक प्रत मिळाली. नारळ सगळ्यांनी फोडले, पुस्तिका एकानंच वाचली, आणि तो नवरदेव होता. नचिकेत मूळचा पुण्याचा, नियम म्हटला की त्याला हुरूप येई. पुढं कुवेतमध्ये, याच वर्षी, 'स्नेहसागर' मंडळाचा तो सेक्रेटरी झाला तेव्हा मंडळाची घटना त्यानंच लिहिली, आणि सासऱ्यांच्या सन्मानार्थ तिच्यात अकरावं कलम घातलं: वर्षअखेरच्या तपासणीत ज्या उपक्रमाचा पट वीसच्या खाली भरेल, तो उपक्रम बंद.

कलम घालताना बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण कलमाला कुणाला तरी धरावंच लागतं, आणि त्यानं धरलं ते सुमनताईंच्या मराठी वर्गाला. एका भारतीय शाळेनं मंडळाला दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, एक खोली वापरायला दिली होती. तिथं सुमनताई चार वर्षं इंजिनियरांच्या मुलांना बाराखडी शिकवत होत्या. मुलं होती नऊ. त्याच खोलीवर सिनेमाच्या गाण्यांवर नाच शिकवणाऱ्या गटाचा डोळा होता, आणि त्यांच्याकडं चौतीस मुलं होती.

"तात्या, या शुक्रवारी मराठी वर्गाची तपासणी आहे," रविवारी रात्री जेवताना नचिकेत म्हणाला. "मी म्हटलं, ती तुमच्याच हस्ते करू. शाल, श्रीफळ, सगळं ठेवलंय."

तपासणी! तात्यांनी तोंडातला घास गिळायच्या आत होकार दिला.

समोर बसलेल्या कौमुदीनं चमचा खाली ठेवला. "आजोबा, यू आर गोइंग टु क्लोज माय क्लास?"

तात्यांचं इंग्रजी बेताचं, पण 'क्लोज' त्यांना समजलं. आठ वर्षं आजोबा आणि नात यांचं फोनवरचं बोलणं 'हाउ आर यू' आणि 'फाइन' या दोन खांबांवर उभं होतं. मग ही पोर सुमनताईंच्या वर्गात जाऊ लागली आणि गावी पोस्टकार्डं यायला लागली. तिकीट कापल्यावर तात्यांचा फोन वाजायचा थांबला, वाड्यावस्त्यांवरची माणसं दुसऱ्या गाडीमागं धावली, तेव्हा सगळ्या जगातून एकच पत्र आलं होतं. 'आजोबा तुम्हाला तिकीट नाही मिळाले का. काही हरकत नाही. मला पण नाचात घेतले नाही.' ते कार्ड आत्तासुद्धा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. वर्ग बंद पडला तर असलं दुसरं कार्ड येणार नाही, हे कळायला मंत्री असावं लागत नाही.

"वीस लेकरं असली तर कोण बंद करतंय?" ते म्हणाले.

"बट वी आर नाइन."

म्हणजे अकरा कमी आणि हातात चार दिवस. तात्यांच्या अंगात एकदम दहा वर्षांमागचा जोम आला. ते उठून आत गेले आणि चपला पुसून आले.

सोमवारी संध्याकाळपासून प्रचार सुरू झाला. कौमुदी शाळेतून आली की तिला पुढं घालून तात्या इमारतीमागून इमारत पालथी घालू लागले. ती दारावरच्या पाट्या वाचायची, मराठी आडनाव दिसलं की घंटी वाजवायची, आणि तात्या हात जोडून उभे राहायचे. एका घरी मुलाला फ्रेंचची शिकवणी होती. दुसऱ्या घरी शुक्रवारी कुणी बाराच्या आत उठत नसे. तिसऱ्या घरचे लोक सुट्टी लागली की खैरानला समुद्रावर शॅलेत, म्हणजे भाड्याच्या बंगलीत, जाऊन पडत. "इथं मराठी शिकून करायचंय काय?" असं चौथ्यानं विचारलं तेव्हा तात्यांनी त्याला वीस मिनिटं उत्तर दिलं, आणि तो सुटका करून घेण्यासाठी हो म्हणाला. बुधवारी दुपारपर्यंत अकरा मुलांची नावं कागदावर आली होती.

"वीऽऽस!" कौमुदी नाचायला लागली.

"थांब," तात्या म्हणाले. "हे 'नक्की पाठवतो' म्हणणारे लोक मी सात निवडणुका बघितलेत. अकरांतले तीन येतील. आपण बारा झालो. अजून आठ पाहिजेत."

आठ कुठून आणायचे, हे मात्र त्यांनाही सुचत नव्हतं. कौमुदीला ज्यूस पाहिजे होता म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, शिरले. गल्ल्यावरचा चाळिशीला टेकलेला माणूस तात्यांकडं टक लावून बघू लागला.

"साहेब, तुमी आडगावकर मंत्री ना?"

धावत जाऊन या माणसाला मिठी मारावी असं तात्यांना वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं, आणि तेही मंत्री म्हणून!

"कसं ओळखलंत?"

"वलखनार नाय? मी यूसुफ, रत्नागिरीकडचा, सुरेबंदरचा. आमच्या गावात घराघरात तुमचा नाव पाठ हाय."

"ऐकतेस ना, कौमुदी?" तात्यांनी छाती पुढं काढली. "घराघरात म्हणता! कोणत्या कामामुळं बरं?"

"तुमी आमची शाला बंद केलात ना."

यूसुफ रागानं बोलला नाही. तो एका गिऱ्हाइकाचे टोमॅटो वजन करत होता आणि तसाच करत राहिला. "पट सतरा होता. बाजूची शाला खाडीपलाड, तरीतनं, म्हंजे होडीतनं जायचा. ओहटीला तरी नाय, पावसाल्यात चार म्हयने तरी नाय. माझी बायको सईदा त्याच शालेतली. चौथीत पयली आलेली. पाचवीत गेलीच नाय." त्यानं पिशवीला गाठ मारली. "तिचा बाप म्हंजे तो तरीवाला. मुंबयला तुमच्या बंगल्यावर तीन दिस बसलेला. तुमी म्हनलात, 'चाचा, सतराचे वीस करून आणा, मग बोलू.' सगले लय हसले म्हनं."

तात्यांना तो तरीवाला आठवला नाही. बंगल्यावर रोज दोनशे माणसं यायची. पण तो विनोद त्यांचाच होता. ते सगळीकडं तो करत, आणि पुस्तिकेत एकविसाव्या पानावर तो छापलेलाही होता. त्यामुळं नाही म्हणायला जागा नव्हती.

"आजोबा, दॅट वॉज यू?" कौमुदीनं विचारलं.

तात्यांनी ज्यूसचा डबा उगाच उलटासुलटा करून बघितला. मग त्यांनी तेच केलं जे अडचणीत सापडल्यावर ते नेहमी करत. त्यांनी विषय पुढं नेला.

"तुमची मुलं मराठी वाचतात का?"

"बोलतात ना, आमची कोकनी. वाचायला नाय येत. आजीची चिठ्ठी आली की सईदा वाचून दावते. माझी दोन, तौफीक आनि हिना. कमालची तीन, तो माझा भाव. असमा माझी भयीन, तिची दोन. सगली याच बिल्डिंगीत."

सात! तात्यांच्या डोळ्यांपुढं आकडा लखलखला. "मग शुक्रवारच्या वर्गाला कशी येत नाहीत?"

"कोन बोलावलान?" यूसुफ म्हणाला. "आनि तुमचा वर्ग अकराला. पावनेबाराला जुम्याची नमाज. पोरांनी बाराखडी म्हनायची का मशिदीत जायचा?"

मंडळाची यादी रिफायनरीतल्या फोनच्या यादीवरून केलेली होती. तीत बकालेवाले नव्हते, टँकर चालवणारे नव्हते, आणि हे मंडळाच्या नऊ वर्षांत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुकानावरच्या घरात सईदानं तात्यांना चहा दिला, खुर्ची दिली, पण मुलं द्यायला ती एकदम तयार झाली नाही. एकोणतीस वर्षांची बाई, डोक्यावर पदर, नजर सरळ.

"शुक्कुरवारी वीस नाय झाले तर हा वर्ग पन बंद करनार तुमी?"

"त्या बाबतीत आम्ही अत्यंत सकारात्मक भूमिका घेऊन..."

"हां का नाय?"

"नाही," तात्या म्हणाले. एवढं आखूड उत्तर त्यांनी राजकारणात आल्यापासून दिलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, "नाही करणार. आणि वर्ग साडेआठला भरेल."

नचिकेतनं ही वेळ ऐकली तेव्हा तो हादरला. "शुक्रवारी साडेआठ? तात्या, लोक मला सेक्रेटरीपदावरून काढतील."

"काढू द्या. अनुभव येईल," तात्या म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा बेरीज केली. नऊ आणि तीन बारा, बारा आणि सात एकोणीस. पुन्हा केली. एकोणीसच. एका पोरासाठी सगळं अडलं होतं. आणि तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली लिजी कौमुदीबरोबर खेळायला आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, गाव केरळातलं कोट्टायम, मराठीचा गंध नाही. तात्यांनी तिच्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं.

अर्ध्या तासानं चारुशीला हॉलमध्ये आली तर तिचे वडील कॅडबरीचा तुकडा हातात धरून बसले होते आणि समोर लिजी पाठ म्हणत होती, "हजर, बाई. माजा नाव लीला."

"तात्या! ती कोट्टायमची आहे!"

"उद्या एक तासापुरती लातूरची आहे," तात्या म्हणाले. "तिच्या आईला विचारलंय मी."

"आणि तुम्ही पुस्तिका लिहिलीत!"

त्यावर तात्यांनी उरलेली कॅडबरी स्वतःच खाऊन टाकली. कौमुदी मात्र कोपऱ्यात बसून आजोबांकडं बघत होती, आणि तेच त्यांना बरं वाटेना.

शुक्रवारी सकाळी साडेआठला वर्ग भरला. अकरा 'नक्कीं'पैकी बरोबर तीन आले, तात्यांचा अंदाज चुकला नाही. यूसुफच्या इमारतीतली सातही मुलं भांग पाडून, नवे कपडे घालून आली. सईदा त्यांना सोडायला आली होती ती दाराशीच उभी राहिली. मंडळाचे चार पदाधिकारी जांभया देत भिंतीला टेकले होते, त्यांतले दोघे नाचवाल्या गटाचे. शाल झाली, श्रीफळ झालं. सुमनताईंनी हजेरी घेतली आणि नचिकेतनं एकेक डोकं मोजलं.

"वीस!" त्याला मनापासून आनंद झाला होता. "आता तात्या, पान चौदा."

"कसलं पान चौदा?"

"तुमच्या पुस्तिकेतली चाचणी. शेजाऱ्याचं नाव विचारायची."

घरचं माणूस असा घात करतं. तात्या बाकांमधून फिरू लागले. तौफीकनं शेजाऱ्याचं नाव सांगितलं. हिनानं सांगितलं. तिसऱ्या बाकावर लिजी बसली होती.

"तुझं नाव काय गं?"

"माजा नाव लीला."

"आणि तुझ्या शेजारी?"

"कौमुदी!" लिजी खणखणीत आवाजात म्हणाली. म्हणणारच. दोघी रोज एकत्र खेळत.

चाचणी झाली. पदाधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. नचिकेतनं शेरेबुक उघडून तांबड्या शाईचा पेन पुढं केला. आता नुसती सही करायची होती. पण कौमुदी मान खाली घालून बाकावर नखानं रेघ ओढत होती, आणि दाराशी सईदा उभी होती. तात्यांना एकाएकी ते सगळे मास्तर आठवले. मळकी टोपी, घामेजलेलं कपाळ, साहेब पुढच्या बाकाकडं सरकला की आवंढा गिळणारे. तात्या त्यांना लबाड समजत आले होते. काही होतेही. पण काही जण आपली शाळा वाचावी म्हणून पोरं उसनी आणत असतील, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आज स्वतःच उसनं पोर आणून बसवलं तेव्हा आलं. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला जवळ मफलरसुद्धा नव्हता.

"नचिकेत," ते म्हणाले, "हे लेकरू उसनं आहे. मीच आणलंय. पट एकोणीस."

भिंतीला टेकलेले चौघे ताठ उभे राहिले. नचिकेत कानापर्यंत लाल झाला. तो जवळ येऊन पुटपुटला, "तात्या, एकाचा तर प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल तर एकोणीसला वीस धरू."

"एकाला सवलत दिली की दहांना द्यावी लागते," नाचवाल्यांपैकी एकजण म्हणाला. "तुमच्याच पुस्तिकेत आहे ना साहेब?"

होतं. बाविसाव्या पानावर. सईदाला दिलेला शब्द आणि स्वतः छापलेला शब्द यांच्यामध्ये तात्या उभे होते.

तेव्हा दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. सईदा आत आली. ती कुणाकडं न बघता सरळ शेवटच्या बाकापर्यंत गेली, पदर सावरून बसली आणि दोन्ही हात बाकावर ठेवले.

"नाव लिवा," ती सुमनताईंना म्हणाली. "सईदा यूसुफ. चौथी पास. पाचवीत बसायचा राहिला."

एका पदाधिकाऱ्यानं घसा खाकरला. "अहो, पण हा मुलांचा..."

"घटनेत वयाची अट नाही," नचिकेत ताडकन म्हणाला. घटना त्याचीच होती आणि तिचा असा उपयोग होईल हे त्यालाही आत्ताच कळलं होतं. मग त्यानं नियमाप्रमाणं सासऱ्यांकडं बघितलं. "तात्या, यांनाही चाचणी..."

तात्या शेवटच्या बाकाशी गेले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा फारच बारीक निघाला. "शेजारी कोण बसतं?"

"शरीफा बसायची," सईदा म्हणाली. "तिच्या पलीकडं सुगरा. म्होरं कमाल, आता टँकर चालवतो तो. त्याच्या बाजूला नूरा, ती तापानं गेली." ती थांबली नाही. एका सुरात, हजेरी घेतल्यासारखी, ती एकेक नाव घेत गेली. कोण कुठं बसायचं, कुणाला पाढे येत नसत, कोण डब्यात काय आणायचं. स्वतःचं धरून सतरा नावं झाली. "त्यातले तिघे पाचवीत गेले. माझा बाप तुमाला सांगायला आलेला. पन तुमी आकडाच इचारलात, नावं इचारली नाय."

तात्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही सगळ्यांसमोर. मग ते सुमनताईंच्या टेबलाशी गेले. हजेरीपटावर लिजीच्या 'लीला' या नावावर त्यांनी आडवी रेघ मारली, खाली सईदाचं नाव लिहिलं आणि शेरेबुक पुढं ओढलं. बराच वेळ लिहिलं. एरवी त्यांची सही म्हणजे शाईत बुडालेलं गांडूळ असे, पण आज त्यांनी नाव अक्षर अक्षर सुटं काढलं.

"कौमुदी, इकडं ये. सगळ्यांना वाचून दाखव."

कौमुदी आली. ओळीवर बोट ठेवून, अडखळत, पण मोठ्यानं ती वाचू लागली. "पट... वीस. सगळे... खरे. एका... विद्या...र्थिनीला यायला... एकोणीस वर्षे... उशीर झाला. चूक... विद्यार्थिनीची... नाही."

ती थांबली. तिनं वर बघितलं, आणि घरात कधी मराठीत एक प्रश्न न विचारणारी ती पोर म्हणाली, "मग कोणाची, आजोबा?"

"खाली सही आहे ना," तात्या म्हणाले. "ती वाच."

कौमुदीनं बोट एक ओळ खाली नेलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "प्र... ता... प... रा... व."